शेवटच्या पानावरच्या सात रेघा

आमचे अण्णा, विठोजीराव, मॅट्रिकच्या गणितात दोनदा नापास झाले आणि पुढे अकरा वर्षं गणितच टाइप करत बसले. यशवंतपूरजवळच्या एका संशोधन संस्थेत ते टायपिस्ट होते. मशीनवर गणितातली निम्मी चिन्हं नसत. तिथे जागा सोडायची आणि मागून बारीक निबाने हाताने भरायची. हे काम अण्णांइतकं कुणाला जमत नसे, कारण लहानपणी आजोबांनी त्यांच्याकडून मोडी घोटून घेतली होती. मोडीत आधी रेघ ओढतात, मग अक्षरं तिला टांगतात. अण्णा गणिताची चिन्हंही तशीच टांगत: आधी पेन्सिलची रेघ, खाली शाईचं चिन्ह, शाई वाळली की रेघ खोडायची. कशासाठी, ते विचारायचं नाही. हाताला तसंच वळण होतं.

एकसष्ट साली हयवदन नावाच्या तरुण संशोधकाचा निबंध त्यांच्याकडे आला. तापलेल्या पत्र्यात उष्णता कशी पसरते, याचं समीकरण. पत्र्याच्या आत सगळं सुरळीत वागतं, एवढं त्याने सिद्ध केलं होतं. पत्र्याच्या कडेबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. त्याची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती आणि हा निबंध छापून आला तरच ती वाढणार होती.

निबंध परदेशी गेला. चार महिन्यांनी संपादकाचं पत्र आलं: कडेवरही हेच खरं, हा तुमचा दावा नवलाचा आहे; सिद्धता पाठवा, नाहीतर छापता येणार नाही.

हयवदन चक्रावला. त्याच्याजवळच्या कार्बन प्रतीतली चिन्हं त्याने स्वतः भरली होती आणि तिच्यात असा दावा कुठेच नव्हता. मग तो केला कुणी? तीन आठवडे तो स्वतःलाच विचारत राहिला. शेवटी एका रविवारी दाढी वाढलेल्या तोंडाने आमच्या घरी आला. मी तेव्हा पंधरा वर्षांची. मला त्याची भीतीच वाटली.

"स्वल्प काफी घ्या," आई आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली.

"अक्का, माझंच लिहिलेलं मला आठवेना झालंय," तो म्हणाला. "झोपेत लिहिलं की काय? घरी वडलांना सांगितलं, तर ते वैद्याकडे चल म्हणतात."

"कडेचं ते लिहितात कसं?" अण्णांनी सहज विचारलं.

हयवदनने माझ्या वहीच्या कोपऱ्यात घोड्याच्या नालासारखं एक अक्षर काढलं. "हा ओमेगा. म्हणजे पत्रा. डोक्यावर रेघ दिली की कडही आत धरली."

अण्णांचा कप बशीवर टेकला तो तिथेच राहिला. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला सगळं कळलं. त्या वर्षी हेडक्लार्कने याहून लहान चुकांसाठी दोन टायपिस्ट घरी बसवले होते. घरात कमावणारे अण्णा एकटेच. मी मनात म्हणत होते, अण्णा, गप्प बसा. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा मी मनापासून तेच म्हणत होते.

अण्णांनी खिशातलं पेन काढलं. वहीवर शाईची एक रेघ ओढली आणि तिच्याखाली ओमेगा टांगला, अगदी सुबक.

"शेवटच्या पानावर हे अक्षर सात ठिकाणी भरायचं होतं," ते म्हणाले. "टपालाची वेळ झालेली, पेन्सिल सापडेना. मी शाईनेच रेघा ओढल्या. त्यांना अर्थ असतो, हे मला माहीत नव्हतं. उद्या संपादकाला पत्र टाइप करतो. चूक टायपिस्टची, असं लिहा."

हयवदन त्या रेघेवर वाकला. आता हा ओरडणार, म्हणून मी वही जवळ ओढली. त्याने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्याचे डोळे भरून वाहायला लागले.

"म्हणजे मी वेडा नाही झालो, अण्णा," तो म्हणाला. "हे पान मला द्या. वडलांना दाखवतो."