दाब, धर, सोड

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर केबिनमध्ये बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली चाकाशी आडवं होऊन निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करायचं, तेलाबरोबर हवा बाहेर पडली की ते पुन्हा आवळायचं, आणि मगच वरच्याने पाय सोडायचा. उताराच्या तोंडाशी असलेल्या त्या गॅरेजमध्ये खालचा माणूस म्हणजे मिस्त्री आणि वरचा माणूस म्हणजे त्यांची बायको. लग्नाच्या वर्षापासून ही वाटणी चालत आली होती. दाब, धर, सोड. इतकं स्पष्ट बोलणं फार कमी जोडप्यांच्या वाट्याला येतं.

त्या आठवड्यात मात्र दोघांचा अबोला होता. झालं होतं असं की एका टेम्पोचं काम चालू असताना बाई वरून म्हणाल्या, पेडल अजून मऊ लागतंय. टेम्पोवाला शेजारीच उभा होता. मिस्त्री गाडीखालून म्हणाले, "तुझं काम दाबायचं. सांगायचं नाही." टेम्पोवाला हसला. पेडल खरोखरच मऊ होतं. मिस्त्रींनी मुकाट्याने हवा पुन्हा काढली, पण शब्द काही मागे घेतले नाहीत. बाईंनी नेमून दिलेलं काम चोख सांभाळलं. तेव्हापासून त्या नुसत्या दाबत होत्या. ताटात जेवण येत होतं, कपात चहा येत होता, बोलणं कुठूनच येत नव्हतं. मिस्त्री "दाब" म्हणत, बाई दाबत. "सोड" म्हणत, बाई सोडत. "दाबलं" किंवा "सोडलं" हे उत्तर मात्र बंद झालं होतं.

अशात नाटक मंडळींचा ट्रक आला. चालवत होता बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. आत एक राजवाडा, एक बाग, एक तुरुंग आणि लाकडी चौकटीवर ताणलेला पौर्णिमेचा चंद्र भरलेला होता. संध्याकाळी उताराखालच्या गावात प्रयोग, आणि पुढच्या दोन्ही चाकांपाशी ब्रेकचं तेल गळत होतं.

मिस्त्रींनी चाकं उतरवली. चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटा काढतो तो भाग, म्हणजे कॅलिपर, दोन्हीकडचे सोडवले. बाईंनी ते धुऊन, पुसून फळीवर ठेवले. मिस्त्रींनी आत नवीन रबरं घातली, कॅलिपर परत बसवले, तेल भरलं आणि हवा काढली. पेडल मऊ लागलं. पाय स्पंजवर पडल्यासारखा खाली जात होता.

पुन्हा हवा काढली. आधी सगळ्यांत लांबचं मागचं चाक, मग दुसरं, मग पुढची दोन. निपलला लावलेल्या नळीतून स्वच्छ तेल येत होतं, बुडबुडा एकही नाही. पेडल मऊच.

मिस्त्रींनी जोडाजोडाला कोरडा कागद लावून पाहिला. कागद कोरडाच राहिला. मागच्या चाकांचे ब्रेक ढिले असतील म्हणून तेही आवळून घेतले. मग स्वतः वर बसून पेडल दाबून धरलं, कारण मुख्य सिलिंडर आतून निकामी असेल तर पेडल हळूहळू खाली बसत जातं. ते बसलं नाही. उलट दोन-चारदा भराभर दाबलं की वर येत होतं. याचा अर्थ एकच, आत कुठेतरी हवा आहे. आणि हवा तर निघत नव्हती. मिस्त्री खाली उतरले आणि ट्रककडे पाहत राहिले. बाई परत वर जाऊन बसल्या आणि समोरच्या काचेकडे पाहत राहिल्या.

ट्रकबरोबर आलेला मंडळींचा मॅनेजर ट्रकच्या मागच्या टोकाला तुरुंगाच्या भिंतीला टेकून घड्याळ बघत होता. मंडळींच्या इतिहासात पडदा कधी उशिरा उघडलेला नाही, हे त्याने भिंतीसकट सगळ्यांना सांगून झालं होतं. भराभर दाबलं की पेडल वर येतं, एवढं मात्र त्याने बरोबर हेरलं. मग अडचण काय, प्रत्येक वळणाआधी दोन-तीनदा दाबायचं, उतार तो काय आणि केवढा. मिस्त्री नाही म्हणाले तर बघायलाच नको, मंडळींचं काम यापुढे दुसऱ्या गॅरेजला जाईल, असंही तो सहज बोलून गेला. मिस्त्री म्हणाले, ही गाडी अशी बाहेर जाणार नाही. धाकटा दोघांच्या मध्ये उभा. तो स्वभावाने असा की त्याला कुणीही भरीला घालावं. शेवटी म्हणाला, "भावजी, मी सावकाश नेतो ना." आणि केबिनच्या पायरीवर चढला.

वर बाई बसलेल्या होत्या. त्या सरकल्या नाहीत. किल्ली त्यांनी काढून मुठीत धरली होती. धाकटा पायरीवर एक पाय ठेवून थांबला. "ताई, उतर की." ताई समोर बघत होती. मॅनेजरने बाईंना कलेची सेवा म्हणजे काय ते दोन वाक्यांत समजावलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. उत्तम नटीलाही इतकं स्थिर बसणं सहजी जमत नाही.

मिस्त्री ते पाहत होते. बायकोचा राग त्यांना पाठ होता, पण ही मूठ रागाची नव्हती. हिला काहीतरी माहीत आहे, हे त्यांना कळलं. आणि विचारल्याशिवाय ही सांगणार नाही, हेही कळलं. त्यांनी हात चिंध्यांना पुसले. पुन्हा पुसले. मॅनेजर, धाकटा आणि तो चंद्र, सगळ्यांसमोरच विचारावं लागणार होतं.

"काय चुकलंय," मिस्त्री म्हणाले, "सांग."

बाईंनी काचेवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "निपलं खाली आलीत. वर असायला पाहिजेत."

मिस्त्री चाकापाशी वाकले. कॅलिपरचं निपल खरंच खालच्या अंगाला होतं. हवा वर चढते; ती आत वरच्या कोपऱ्यात निवांत बसली होती आणि हे खालून तेल काढत होते. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. एरवी बाई फळीवर ठेवताना "हा डावा" असं म्हणत, आणि मिस्त्री न बघता उचलत. या वेळी त्या म्हणाल्या नाहीत, मिस्त्रींनी विचारलं नाही, आणि फळीच्या पलीकडच्या बाजूने जाऊन उचलले.

पुढचं काम भराभर झालं. कॅलिपर बदलले, आणि पहिल्याच "दाब"ला वरून उत्तर आलं, "दाबलं." नळीत बुडबुड्यांची माळ निघाली. दोन्ही चाकं झाल्यावर मिस्त्रींनी खालून विचारलं, "कसं लागतंय?" बाई म्हणाल्या, "दगड." तरी बाईंनी किल्ली देऊन धाकट्याला वर बसवलं, पेडल दाबायला लावलं, फाटकाच्या आत दोनदा गाडी चालवून थांबवायला लावली, आणि मगच ट्रक बाहेर सोडला.

ट्रक उताराला लागला. दोघं फाटकात उभे होते. पहिल्या वळणाआधी मागचे लाल दिवे लागले, राजवाडा हळू झाला, दिवे विझले, आणि तो वळून गेला.

"तू कधी पाहिलंस?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही पहिला बसवत होतात तेव्हा."

मिस्त्री पुढचा प्रश्न विचारणार होते. तोंड उघडलंही. बाईंनी नुसतं वळून पाहिलं, तेव्हा ते मोरीकडे गेले आणि हात धुवायला लागले. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि राहिलेलं सगळं एका दमात सांगू लागल्या: टाकी गळतेय, मोठ्या नणंदेचा फोन येऊन गेला, टेम्पोवाला परत आला होता आणि त्याचा क्लच घसरतोय. मिस्त्री प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, पण त्यांनी नळ बारीक करून चालूच ठेवला.