ताटलीवर आडवा हात

आमची मुलगी दीड वर्षाची झाली आणि तिने घरातलं जेवण बंद केलं. अगदी बंद नाही. दूध घ्यायची, केळं घ्यायची, पण वरणभाताची वाटी दिसली की ओठ मिटून भिंतीकडे तोंड करायची. मी वाटी घेऊन तिच्या मागे गच्चीपर्यंत जायचे, मोबाईलवर कार्टून लावायचे, तिचं लक्ष नाही असं बघून घास आत सरकवायचे. ती तो गालात धरून ठेवायची आणि कार्टून संपलं की शांतपणे माझ्या तळहातावर परत द्यायची.

होळीला सासूबाई आल्या. त्यांचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावर आहे. घरची धानाची शेती, जावेची मुलं, शेजारची मुलं, अंगणात कायम कोणी ना कोणी जेवत असतं. त्यांनी नातीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला.

"एकटं लेकरू खात नसते," त्या म्हणाल्या. "चार पोरांत बसलं का खाते. रोवणी आटोपली का मी येतो न् हिले घेऊन जातो. दिवाळीले आणून देतो."

रोवणी म्हणजे धानाची लावणी. ती झाली की कापणीपर्यंत त्यांना जरा उसंत असते, म्हणून हा हिशेब. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. माझा नवराही लहानपणी वर्षभर आत्याकडे राहिला होता आणि ते वर्ष तो अजून आनंदाने सांगतो. त्या घरात मुलं अशी इकडून तिकडे जातात-येतात, जसं घरचं तांदळाचं पोतं नातेवाइकांकडे जातं. पण मला त्या रात्रीपासून आमच्या पलंगाची भिंतीकडची, मुलीची बाजू रिकामी दिसायला लागली. मी "बघू" म्हणाले. मला तेवढंच जमतं.

मी नागपूरला वाढले, इंग्रजी शाळेत. आग्रह झाला तर काय म्हणायचं हे शाळेने मला इंग्रजीत नीट शिकवलं होतं. मराठीत ते कोणी शिकवलं नाही. लग्नानंतर सासरच्या पहिल्या पंगतीत मी एकदा "नको" म्हटलं आणि माझ्या पानात दुप्पट भात पडला. पुन्हा म्हटलं, पुन्हा पडला. मी तो सगळा खाल्ला आणि संध्याकाळभर आडवी पडून राहिले. तेव्हा नवऱ्याने हसत नियम सांगितला. त्यांच्याकडे पहिलं नाही लाजेचं असतं, दुसरं मानाचं, आणि तिसरं खरं. तिसऱ्यांदा हात आडवा केला की वाढणारा पुढे जातो. मला तिसऱ्यापर्यंत पोचताच येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

आम्ही गोंदियात, कुडव्याला राहतो. नागपूरच्या मानाने हे गाव आहे आणि सासूबाईंच्या मानाने महानगर. नवरा सकाळी देवरीच्या बाजूला नोकरीवर जातो, तो सात वाजता परततो. चैत्रातल्या एका सकाळी गॅस संपला, सिलिंडर दुपारी येणार होता, आणि मी मुलीला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या हॉटेलात गेले. एकटी बाई मूल घेऊन तिथे बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मी भिंतीकडचं बाक धरलं. तिथून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून आपण फारसे दिसत नाही.

तिथे काही मागावं लागत नाही, हे मला पहिल्याच दिवशी आवडलं. बसलं की पोहे येतात. वर शेव, कांदा आणि हरभऱ्याची लाल तर्री. पोहे कोरडे दिसायला लागले की मालक ओगराळं घेऊन फिरतो आणि न विचारता पुन्हा तर्री ओततो. नको असेल त्याने ताटलीवर हात आडवा धरायचा. बोलायचं नाही, वरही बघायचं नाही. तो हाताला मान देऊन पुढच्या ताटलीकडे जातो.

मी हात धरला नाही. मला उशीर झाला, आणि एकदा ओतल्यावर काय बोलणार. त्या तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी हरभरे पाण्याच्या ग्लासात धुऊन मुलीसमोर ठेवत होते, काहीतरी करायचं म्हणून. ती रस्त्यावरच्या बकऱ्यांकडे बघत होती. बकऱ्यांकडे बघता बघता तिने एक हरभरा उचलला, दोन बोटांत दाबला, सालीतून बाहेर आला म्हणून खाल्ला. मग दुसरा. मग माझ्या ताटलीतले कडेचे पिवळे पोहे. मोबाईल पर्समध्येच होता.

तिथून आमचं फिरणं सुरू झालं. सकाळी कामं उरकून मी तिला माझ्या स्कूटरवर पुढे उभी करायचे, ओढणीने माझ्या कमरेला बांधायचे, आणि आम्ही निघायचो. स्टेशनच्या बाजूला एक तेलुगू जोडपं डोसे लावतं. तिथे तिने डोसा खाल्ला नाही, खोबऱ्याची चटणी बोटाने खाल्ली, वाटी संपेपर्यंत. बाजारातल्या एका सिंधी काकांकडे रविवारी डाळ-पकवान मिळतं, म्हणजे डाळ आणि कडक तळलेली पुरी. पकवान ती आधी टेबलावर आपटते, आवाज ऐकते, मग चघळते. पहिल्यांदा तिने ते आपटलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांचं बोलणं थांबलं. मी पर्स उचलायला लागले होते. त्यातल्या एकाने आपलं पकवान उचलून टेबलावर आपटलं आणि डाळीत बुडवलं. बोलणं पुढे सुरू झालं, कोणाच्या तरी सुनेबद्दल होतं, मला पूर्ण ऐकायचं होतं.

जिने चढावे लागणारी हॉटेलं आम्ही सोडली. जिथे टीव्ही मोठ्याने लावतात तीही. पंखा थेट डोक्यावर असला तर ती पंखाच बघत राहते आणि जेवण विसरते, हेही कळलं. बस स्टँडजवळच्या एका भोजनालयात तिने साधा वरणभात खाल्ला. तो खाताना मी तिच्याकडे जरा रागानेच पाहिलं असेन, कारण त्याहून चांगला तांदूळ, तिच्याच आजीच्या शेतातला, घरी डब्यात भरलेला होता.

हे काय चाललंय ते मला हळूहळू दिसत होतं. हॉटेलात तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. मीसुद्धा नाही, कारण मी लोकांकडे बघत असायचे. आणि पोह्यांच्या हॉटेलात तिला एक गोष्ट सापडली होती. तिच्यासमोर आता वेगळी छोटी ताटली यायची. मालक ओगराळं घेऊन आला की ती आपल्या हाताची पाची बोटं पसरून ताटलीवर ठेवायची, जशी बाकीची मंडळी ठेवत. तो दर वेळी थांबायचा, तिचा हात बघायचा आणि पुढे जायचा. तो गेला की ती हात काढायची आणि खायची. माझ्या ताटलीत मात्र तर्री पडत राहायची.

घरी मी तसं करून पाहिलं. वाटी समोर ठेवली, तिने हात ठेवला, मी भांडी घासायला उठले. परत आले तर थोडा भात कमी होता. जमिनीवरही होता, पण पोटात गेला होता हे नक्की. जेवताना मोबाईल लावणं बंद झालं. सासूबाई फोनवर विचारायच्या, काय खाल्लं आज पोरीनं, तर मी पोहे, भात, चटणी असं खरं तेच सांगायचे. कुठे खाल्लं ते त्यांनी विचारलं नाही.

रोवणी आटोपली आणि त्या आल्या. सोबत रिकामी पिशवी होती, नातीचे कपडे भरायला. देवघराच्या बाजूला त्यांनी तिच्यासाठी झोळी टांगून ठेवली आहे, असं आल्या आल्या सांगितलं. उद्या दुपारच्या बसने दोघी निघणार. नवरा म्हणाला, तू सांग काय ते, तुझी तयारी नसेल तर मी बोलतो आईशी. मी म्हटलं, नको, मीच बोलेन. रात्री बोलले नाही. सकाळी तो कामावर गेला.

त्याची गाडी वळली आणि मुलगी आपली टोपी आणि चपला घेऊन दाराशी उभी राहिली. "हाटेल," ती म्हणाली. तिला येणाऱ्या मोजक्या शब्दांतला तो एक.

"काय म्हणून राहिली हे?" सासूबाईंनी विचारलं.

मला खोटं सुचलं नाही. मी सांगितलं, हॉटेलात जायचं म्हणतेय, आम्ही जातो रोज. त्यांनी पदर सारखा केला.

"चाल मंग. मले बी दाखव."

त्या बस स्टँडवर चहा प्यायल्या होत्या, पण अशा हॉटेलात बसून कधी खाल्लं नव्हतं. बाकावर त्या पाय वर घेऊन बसल्या, घरच्या ओट्यावर बसतात तशा. पोहे आले. त्यांनी आधी नातीच्या ताटलीकडे पाहिलं, मग आपल्या. मालक ओगराळं घेऊन आला तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे हात आडवा धरला. तो पुढे गेला.

त्या थांबल्या. तो परत येईल म्हणून थांबल्या असाव्यात. तो पार दुसऱ्या टोकाला जाऊन चहा ओतायला लागला.

"एकदा नाही म्हटलं तं खरंच समजला का हा?" त्या मला हळूच म्हणाल्या. "कायचा माणूस हाय?"

मी सांगितलं, इथे तसंच असतं, हात धरला की संपलं. त्यांना ते फार कोरडं वाटलं. पोहेही कोरडेच होते. त्या ते कोरडे पोहे चिवटपणे चावत राहिल्या आणि मला हसू आवरेना, म्हणून मी मुलीची टोपी सरळ केली.

मालक पुन्हा फेरीला निघाला. मुलीने आपला हात ताटलीवर ठेवला, तो थांबला, बघितलं, गेला. तिने हात काढला आणि एक शेंगदाणा मला दिला, कारण शेंगदाणे मी तिला खाऊ देत नाही. मग ती खायला लागली. सासूबाईंचं चावणं थांबलं होतं. त्यांनी चिमूटभर पोहे उचलून नातीच्या तोंडापाशी नेले. तिने ताटलीवर हात ठेवला आणि तोंड वळवलं. त्यांनी घास खाली नेला, पुन्हा वर आणला, चिमणीचा म्हणाल्या. हात तिथेच. त्यांनी तिसऱ्यांदा घास वर नेला. ती त्यांच्याकडे सरळ बघत होती, हात ताटलीवर दाबून.

सासूबाईंनी तो घास स्वतःच्या तोंडात टाकला. जरा वेळाने मुलीने हात काढला आणि बोटांनी पोहे उचलायला लागली.

"रोज खाते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, रोज नाही. कधी घरी भात खाते, कधी इथे. कधी काहीच नाही.

त्या पाणी प्यायल्या. "तुह्या आंगावर बी काही दिसून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "तुले बी आराम होईल. नेतो मी हिले?"

"नको आई," मी म्हणाले. ते इतकं हळू होतं की चहाच्या भांड्यांच्या आवाजात गेलं असतं, पण त्यांनी ऐकलं.

"दिवाळीलेच तं आणून देतो. तिकडं दूध हाय घरचं. पोरं हायेत."

"माहीत आहे. तरी नको."

हे मानाचं होतं. आम्हाला दोघींनाही ते माहीत होतं. मी मुलीच्या ताटलीकडे बघत होते, तिथे दोन हरभरे उरले होते आणि ती त्यातला कोणता आधी खायचा ते ठरवत होती. सासूबाईंना मी घाई करावी असं वाटत नव्हतं; पानात वाढणारं माणूस वाट बघतं तशी त्या वाट बघत होत्या.

"नेऊ ना?" त्यांनी विचारलं.

मी मान वर केली. "नाही आई. ती माझ्याजवळच राहील."

त्या रागावल्या असत्या तर मला कळलं असतं, त्यांचा राग नाकावर दिसतो. त्यांनी मान हलवली, पंगतीत पुढच्या पानाकडे जाताना हलवतात तशी. मग त्यांनी आपल्या ताटलीतल्या कोरड्या पोह्यांकडे पाहिलं, आणि मालकाला हाक मारली.

"ए बापू, आन ते लाल पानी इकडं. न् कापणीले ये म्हनावं हिच्या बापाले, सगळ्यायले घेऊन," हे दुसरं मला. "लेकरू मायजवळ ठेव, पन घर दाखव त्याले."

मी हो म्हणाले. हे हो सोपं होतं.

मालक आला. सासूबाईंचा हात या वेळी मांडीवर होता. त्याने भरपूर ओतली, त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या की आमच्या घरची मिरची याहून बरी, पण चालते. ताटली त्यांनी पुसून खाल्ली. मुलीने हात ठेवला, तो पुढे सरकला.

मग तो माझ्याकडे वळला. माझी ताटली अर्धी भरलेली होती, तोंड भाजत होतं, आणि हात धरायला पुष्कळ वेळ होता. तरी मी हात उचलायच्या आत त्याने ओतलं. मी खाल्लं.