मायच्या हातातला खडा

मिठाचं पोतं दुकानाबाहेर ठेवायची रीत आहे. तेल, साखर, डाळ आत. मीठ बाहेर, रात्रीसुद्धा. मीठ कोणी चोरत नाही. जामच्या चौरस्त्यावर मी पत्र्याच्या टपरीपासून दुकान वाढवलं, पण इतक्या वर्षांत मिठाच्या पोत्याला कोणी हात लावला नव्हता. ऐंशीच्या आसपासच्या एका मे महिन्यात मात्र पोत्याचं तोंड रोज सकाळी सुटलेलं दिसायला लागलं.

माय तेव्हा माझ्याकडे राहत होती. थोरला भाऊ गावी शेती करायचा. तिचं डोकं गरगरतं म्हणून महिनाभर आधी मी तिला वर्ध्याला डॉक्टरकडे नेलं होतं. रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरने लघवी जास्त होण्याची गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं.

"कमी म्हणजे किती?" मी विचारलं. मी तराजूवरचा माणूस.

"कमी म्हणजे कमी," तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या उत्तराचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पण त्याचा अर्थ मी माझ्या धंद्याच्या रीतीने लावला, हेही खरं. भाव 'थोडा कमी करा' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला खूप कमी हवा असतो, फक्त तोंडावर बोलवत नाही. डॉक्टरलाही 'बंद' म्हणायचं असणार, असं मी ठरवून टाकलं. घरी येऊन मायचं मीठ तोडलं. वरण अळणी, भाकर अळणी, लोणच्याची बरणी कुलपात. बायको म्हणाली, "अवो, चिमूटभर तरी टाकू द्या." मी असा ओरडलो की तिने पुन्हा विचारलं नाही.

ऊन वाढत गेलं. मायच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, तोंडाची चव गेली, दिवसभर नुसती पडून राहायची. ऊन लागलं असणार, म्हणून मी खाटेजवळ माठ ठेवला आणि तांब्यामागून तांब्या पाणी पाजायला लागलो.

"पोटात नुसतं पानी डुबडुब करून राह्यलं रे बाप्पा," ती म्हणायची.

"पे. उन्हाळा हाये."

मग एका सकाळी मी लवकर दार उघडलं. माय पोत्यापाशी उकिडवी बसली होती. एक गाल फुगलेला, मुठीत मिठाचा खडा.

"थुक ते!" मी तिची बोटं एकेक करून उघडली. "दुनियेत मीठ कोनी चोरत नाई, माय. तूच एक निंघाली!"

"जीव मांगते रे," ती एवढंच म्हणाली.

मी खडा हिसकून रस्त्यावर फेकला आणि पोतं आत ओढून घेतलं.

तीन दिवसांनी ती मला म्हणाली, "तुहा बाप बैल सोडून आला काय?" बाप जाऊन बारा वर्षं झाली होती. आज वार कोणता, ते विचारलं तर तिला सांगता येईना. मी तांब्या तिच्या तोंडाला लावला. दुसरं काय करायचं ते सुचेना.

त्याच दुपारी भाऊ बैलांसाठी खडे मीठ घ्यायला आला. मायला बघून तो उंबऱ्यातच थांबला.

"काय चारून राह्यला तिले?"

मी अळण्याचं सांगितलं.

"उन्हात बैलाचे पाय लटपटले, तं मी पह्यले त्याले मीठ चारतो. अन् तू मायचं बंद केलं?"

"डॉक्टरनं सांगतलं!"

"डॉक्टरनं, का तुह्या डोक्यानं?" मग तो समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या ड्रायव्हर लोकांकडे वळला. "पाहा हो! मिठाचा दुकानदार, अन् मायलेच मीठ महाग!"

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. बायको मधे पडली.

ओळखीच्या ट्रकवाल्याने आम्हाला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. केबिनमध्ये माय आम्हा दोघांच्या मधे. दर मैलाला मी तिला वार विचारत होतो. तिला उलटी झाली तसा मी पुन्हा तांब्या पुढे केला. भावाने तो माझ्या हातातून काढून घेतला.

तिथल्या तरुण डॉक्टरने तिचं खाणंपिणं विचारलं. मी थोड्या अभिमानानेच सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"गोळीने मीठ बाहेर जातंय, जेवणातून येत नाही, आणि वरून तुम्ही पाणी ओतताय. रक्तातले क्षार पातळ झालेत. उन्हाने नाही, त्यामुळे त्या भरकटल्या आहेत."

तिला हळूहळू सलाइन चढवलं. घाई केली तर मेंदूला धोका, असं त्याने बजावलं होतं. त्यामुळे मी त्या बाटलीतला थेंबन् थेंब बघत बसलो. तिसऱ्या दिवशी ती भानावर आली. "काऊन रे, दुकान कोनाच्या भरवशावर सोडलं?"

निघताना मी डॉक्टरला सोडलं नाही. नेमकं किती, ते कागदावर लिहून घेतलं. गोळीही त्याने बदलली.

भावाचं म्हणणं खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण ते घरात बोलायचं होतं. चौरस्त्यावर बोलला, म्हणून आजही मी त्याच्याशी कामापुरतंच बोलतो.

त्यानंतर रोज सकाळी मी मायच्या दिवसभराच्या मिठाची पुडी बांधायचो आणि देताना वार विचारायचो. एकदा ती पुडी घेऊन गिऱ्हाइकासारखी म्हणाली, "वरची चिमूट?"

"नाई. वार सांग."

"बुधवार."

सोमवार होता. मी बायकोला हाक मारणार, तोच माय शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "सोमवार हाये रे. माह्या हातचा खडा हिसकला होता ना?"