कमलवहिनींनी हुंगलेली वाइन

बुऱ्हाणपूरच्या स्टेशनबाहेर मावा जिलेबीची (खव्याची काळसर, जाडजूड जिलेबी) कढई चढली होती आणि मला तिचा वास येत नव्हता. बाकीचे प्रवासी तिकडे वळत होते, एवढंच दिसत होतं. मीही वळले. जिलेबी गोड लागली. नुसती गोड.

नाशिकजवळच्या एका वाइनरीत मी चव बघण्याचं काम करत होते. देशाचा बाजार जगाला नुकता खुला झाला होता, द्राक्षबागायतदार वाइनची भाषा शिकत होते आणि त्या गडबडीत माझ्या नाकाला बरा मान होता. उन्हाळ्यात ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. मी कुणाला सांगितलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत दोन महिने पाठ केलेल्या शब्दांवर नोकरी रेटली.

अशात बुऱ्हाणपूरपलीकडच्या जैनाबादहून प्रल्हादभाऊंचं पत्र आलं. हे केळीचे बागायतदार आमच्याकडे पंधरा दिवस काम शिकून गेले होते. ‘परवाना मिळाला. केळ्याच्या वाइनच्या तीन बरण्या तीन तऱ्हांनी लावल्या. पुढं एकच तऱ्हा करायची ऐपत आहे. कोणती, ते तुम्ही येऊन सांगा.’ नकाराला कारण सुचेना, म्हणून निघाले.

सिंधीपुऱ्यातून रिक्षा जाताना दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट चालला होता. तापीचा पूल लागला तसा रिक्षावाल्याने विचारलं, “केळी घ्यायले आल्या का, मॅडम?”

“नाही, चाखायला.”

“मंग त पोट खाली ठेवा. तिकडं कोणी कमी वाढत नाही.”

त्याचं खरं निघालं. प्रल्हादभाऊंच्या पत्नी कमलवहिनींनी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी अशी काही वाढली की मला भिंतीला टेकून बसावं लागलं. मग ओसरीवर तीन बरण्या आल्या. मी एक बादली मागितली, पहिला घोट तोंडात घोळवला आणि सवयीने बादलीत थुंकला.

कमलवहिनी ताट उचलता उचलता थांबल्या. “घरचं दिलेलं कोणी थुकते का वो, बाई?”

“अगं, त्यांच्या कामात तसंच राहते,” प्रल्हादभाऊ म्हणाले. मीही समजावलं, की सगळं गिळलं तर तिसऱ्या बरणीपर्यंत डोकं ठिकाणावर राहत नाही. त्यांनी मान हलवली, पण चेहरा उतरला तो उतरलाच. मी घाईने दुसरी बरणी घेतली.

“स्वच्छ आहे,” मी म्हटलं. “फळाचा सुगंध छान टिकलाय.”

वहिनींनी बरणीवर नाक नेलं. “याच्यात त धूर हाये!”

ती बरणी दोन दिवस वखारीच्या (धुरी देऊन केळी पिकवायच्या बंद खोलीच्या) दाराशी राहिली होती आणि आत धुरीचं मडकं पेटलेलं होतं. प्रल्हादभाऊंनी हुंगून पाहिलं. “हो न. ताई, तुमाले नाही आला?”

परदेशात असा धुराचा स्वाद मुद्दाम आणतात, हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. त्यांनी ते मानलंही असतं आणि माझ्या शब्दावर सगळी केळी त्याच बरणीमागे घातली असती. ज्या घरचं पोटभर जेवले, त्या घराला मी बुडवायला निघाले होते. लाजेने कान तापले. “मला वासच येत नाही,” मी म्हणाले. “दोन महिने झाले. कुणाला सांगितलं नाही.”

वहिनी पदर खोचून माझ्याशेजारी बसल्या. “पहिलेच सांगायचं न, बाई! एवढं लपवून फिरता कायले? माझ्या गळ्यात माळ हाये, मी थेंब घेत नाही. पण वास मी सांगते. जिभेचं तुम्ही सांगा.”

रोज पहाटे वखार उघडून, आज कोणते घड बाहेर काढायचे ते ही बाई नुसत्या वासावर ठरवते, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या बरणीला त्या म्हणाल्या, “कच्च्या खोडाचा.” मला ती तुरट लागली होतीच. तिसरीवर मात्र त्यांनी डोळे मिटले. “दुसऱ्या दिवसाचा घड. दार उघडल्याबरोबर तोंडावर येते न, तसा. अन् मागून जराशी चिंच.” माझ्या जिभेवर आंबट आणि गोड दोन्ही बेतात होतं. मी त्यांचे शब्द वहीत जसेच्या तसे लिहिले. तिसरी ठरली. निघताना त्यांनी तिचीच एक बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “येईल परत,” म्हणाल्या.

नाशिकला येऊन मी मालकांना खरं सांगितलं. ते हळहळले, पण घालवून दिलं नाही. मला बाटल्या भरण्याच्या कामावर घातलं. चार महिने ते काम केलं. मग एका दुपारी वाइनरीतल्या चाखण्याच्या खोलीत उगीचच प्रल्हादभाऊंच्या बाटलीचं बूच काढलं आणि पिकल्या केळ्यांचा दरवळ तोंडावर आला. धावत जाऊन वही काढली. दुसऱ्या दिवसाचा घड, आणि मागून, हो, मागून जराशी चिंच! मी एकटीच रडत हसत बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांना वास समजावण्याचा पगार घेतला. आणि माझा वास कुणी सांभाळून ठेवला, तर वाइनचा थेंबही न चाखलेल्या बाईने.

पेला भरला. थुंकायची बादली शेजारीच होती. ती पायाने दूर सारली आणि घोट गिळला.