पिठाच्या डब्यातली वही

हल्ली दवाखान्यातल्या पोरी सांगतात, मावशी, तुमचे रिपोर्ट मोबाईलवर येतात, बघत जा, जपून ठेवा. बायका नुसत्या हसतात आणि मोबाईल पिशवीत टाकतात. मग मी त्यांच्यावर वसकन ओरडते, कारण एके काळी मीही तसलीच दीडशहाणी होते.

नव्वदनंतरची गोष्ट. गळू झालं म्हणून विट्याच्या डॉक्टरांनी मला इंजेक्शन दिलं, ते अंगावर आलं आणि माझा श्वासच कोंडला. मरता मरता वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी एका वहीत त्या औषधाचं नाव लाल शाईनं इंग्रजीत लिहिलं. पुन्हा हे टोचलं तर जीव जाईल, कुठल्याही डॉक्टरला आधी वही दाखवायची, असं बजावलं. मला मेलीला तेवढंही ओझं झालं. म्हटलं, तुमच्याकडंच राहू द्या की, तुमी हायसाच.

"मी इथं आहे. तू कुठं असशील, मला काय ठाऊक?" ते म्हणाले.

आमच्या सासूबाईंची वेगळीच तऱ्हा. माणूस बरं झालं, की दवाखान्याचे कागद पाणी तापवायच्या चुलीत. घरात ठेवले तर दुखणं माग काढत येतं म्हणे. ही वही मात्र त्यांनी जाळली नाही. पिशवीत घालून गोठ्यात खुंटीला अडकवली. मला काय, ब्याद टळली.

वर्षभरानं मालकांनी मला कोइमतूरला बोलावून घेतलं. तिथं त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं. एसटीत बसले तेव्हा सासूबाईंनी खिडकीतून बाजरीच्या पिठाचा डबा दिला.

"पिठात वही हाय. दुखणं घरात ठेवत न्हाई मी. पर तू आता घराभाईर चाललीयास."

मला त्या पिठाचीच हळहळ वाटली.

पुढं तिकडं पायाला तसलंच गळू झालं, ताप चढला. मालक बाहेरगावी होते. घरमालकीण दवाखान्यात न्यायला आली, तेव्हा सासूबाईंचं बोलणं आठवलं म्हणून वही तेवढी घेतली. तिथल्या डॉक्टरांची भाषा मला येईना, माझी त्यांना. त्यांनी सुई भरली. मी लाल पान उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि भरलेली सुई मोरीत रिकामी केली.

दिवाळीला गावी आले तेव्हा सासूबाईंना सगळं सांगितलं. सणावाराला रीत म्हणून त्यांच्या पाया पडायची मी. त्या दिवशी मनापासून पडले. त्यांनी माझ्या दंडावरून हात फिरवला.

"डॉक्टरास्नी सांग, मलाबी एक वही करून द्या," त्या म्हणाल्या. "आन् माझी घरातच ठीव."