न धुतलेले हात

आमच्या मळ्यातलं हरितगृह माझ्या बायकोचं होतं. अंजनगावच्या बाजारात तिच्या मिरचीच्या रोपांना मागणी होती, कारण ट्रेमधली सगळी रोपं एका उंचीची असत. वर गेलेले शेंडे ती कात्रीनं छाटायची आणि प्रत्येक ट्रेनंतर कात्री साबणाच्या पाण्यात बुडवायची. तंबाखूतला रोग बोटांवरून मिरचीत जातो, म्हणून खर्रा खाणाऱ्याला हात धुतल्याशिवाय ती आत येऊ देत नसे. दारातच साबण ठेवलेला असे.

एका दुपारी ती जेवायला घरी गेली, तेव्हा तिला मदत म्हणून मी छाटणीला बसलो. नुकताच खर्रा घोटला होता. साबण दिसला होता, पण कंटाळा केला.

परत आल्यावर तिनं विचारलं, "हात धुतले होते ना?"

"धुतले," मी म्हणालो.

रोपं विकली गेली आणि शेताशेतांत पानं चितकबरी होऊन आखडली. एक गिऱ्हाईक दारात येऊन म्हणालं, "वयनी, रोपं नाई, रोग विकला तुमी."

"माह्याच कात्रीनं झालं," असं ती त्या दिवसापासून म्हणत राहिली आणि मी ऐकत राहिलो. उरलेली रोपं तिनं स्वतः जाळली. पुन्हा ट्रे भरले नाहीत; हरितगृहाचा लोखंडी सांगाडाही विकून टाकला.

परवा ती कोथिंबीर निवडत होती, तेव्हा मी खरं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"मंग आता काहून सांगून राहिले? लोखंड त भंगारात गेलं," ती म्हणाली आणि काड्या वेगळ्या करत राहिली.