चोराचीही बाजू सांगायला लावणाऱ्या बाई

शेवंताबाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त ‘बाईंचे राजकारणातील योगदान’ या विषयावर लिहावे, असे गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला कळवले. बाईंबद्दल मला आदर आहे आणि तो शेवटपर्यंत राहील. पण त्यांच्याबरोबर काम करताना माणसाच्या डोक्याला जो ताप होतो, त्याबद्दल या ग्रंथात दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही. ते काम मी माझ्याकडे घेतो.

आमची पहिली भेट पोंभुर्ण्याच्या बसस्टँडसमोर झाली. मी तेव्हा चंद्रपूरला कॉलेजात होतो आणि स्टुलावर उभा राहून आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला चोर म्हणत होतो. टाळ्या बऱ्या पडत होत्या. भाषण संपल्यावर छत्री आणि शाळेची पिशवी घेतलेल्या एक बाई पुढे आल्या. आमच्याच गावच्या शाळेत त्या नुकत्या बदलून आल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हते.

“चांगला बोलला बाबू. आता त्याची बाजू सांग.”

“चोराले काय बाजू असते बाई?”

“चोरालेच असते. सावाले बाजू मांडाची गरजच काय?”

लोक माझ्यावर हसले. मी स्टूल उचलले आणि चहावाल्याला परत नेऊन दिले.

पुढे बाई आमच्या गावातच राहिल्या. निवृत्त झाल्या आणि ग्रामसभेच्या कामाला लागल्या. तिथे त्यांनी एक नियम घालून दिला. ज्याला कोणाविरुद्ध तक्रार मांडायची असेल, त्याने आधी उभे राहून समोरच्याची बाजू सांगायची. ती ऐकून समोरचा “हो, माझं म्हणणं हेच आहे” असे म्हणाला, तरच तक्रार ऐकायची. तो “नाई” म्हणाला, तर पुन्हा त्याच्या घरी जायचे, पुन्हा विचारायचे. या नियमापायी आमच्याकडे बकरीने वांगी खाल्ल्याचा तंटा तीन सभा चालला. बकरीची बाजू कोण सांगणार, असे एकाने चिडून विचारले, तर बाईंनी त्यालाच बकरीच्या मालकिणीकडे पाठवले. राजकारण असे चालते का? समोरच्याची बाजू आपणच मांडायची, तर विरोधी पक्ष हवा कशाला, असे मी बाईंना कितीदा तरी म्हटले आहे. त्या ऐकून घेतात, आणि मग माझे म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडून दाखवतात. मग भांडायचे तरी कसे?

बाईंचे माझ्या घरावर एक मोठे ऋण आहे. दिवसभर शेतात राबून आलेल्या बायकांना त्या संध्याकाळी समाजमंदिरात अक्षरओळख करून देत. माझी आई त्या वर्गात सही करायला शिकली. आईचा हात कष्टाने इतका ताठला होता, की पेन्सिल बोटांत ठरत नसे. बाईंनी पेन्सिलीला चिंधी गुंडाळून ती जाड केली आणि आईचा हात आपल्या हातात धरून पावसाळाभर तिच्याकडून गिरवून घेतले. त्यानंतर आईने कधी कुठे अंगठा लावला नाही. रेशन दुकानदार घाईने शाईचा डबा पुढे करी, तेव्हा ती म्हणे, “पेन दे. मले सही येते.” आणि मागची रांग खोळंबली तरी सावकाश, पूर्ण नाव लिही.

आई गेल्यावर दोन वर्षांनी एक ठराव निघाला. आमच्या गावच्या जंगलातून खदानीचा रस्ता न्यायला ग्रामसभेची संमती आहे, असा ठराव पंचायतीकडून परस्पर वर गेला होता. अशी सभा झालीच नव्हती. मी धावपळ करून कागदाची नक्कल मिळवली. हजेरीच्या यादीत आईचे नाव होते आणि नावापुढे अंगठा होता.

मेलेल्या माणसाचे नाव वापरले, याने मी पेटलोच. पण तो अंगठा पाहून मला जे झाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. यादी केली होती तेव्हाचे सरपंच डोमाजी यांनी. (संपादकांना हवे तर त्यांनी ‘डोमाजीराव’ करावे, माझ्याने होत नाही.) मी नक्कल घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी आईच्या नावावर बोट ठेवले. त्यांचे डोळे भरून आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मला वाटले, चला, आज तरी नियम बाजूला राहील.

“उद्या सभा लाव,” बाई म्हणाल्या. “पण आधी त्याच्या घरी जाऊन ये.”

“बाई, माह्या मायचा अंगठा लावला त्यानं! त्याची बाजू मी सांगू?”

“तूच सांगशील. दुसरा कोनी सांगन तं त्याले काय किंमत?”

मी शिव्या घालतच डोमाजींच्या घरी गेलो. ते अंगणात एकटे बसले होते. बायको आदल्या वर्षी वारलेली. दोन्ही मुलगे तेव्हाही तेलंगणात मिरची तोडायला गेले होते, त्यांना निरोप मिळून ते येईपर्यंत सगळे आटोपले होते. खदानीत पोरांना नोकरी लावू, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते.

“पोरं घरी पायजे होते मले, विलास,” ते म्हणाले. “बाकी काई नाई.”

“आन् माही माय?”

“तुह्या मायनं मले लय खेपा जेवू घातलं. तिचं नाव लिवताना हात थरथरला माहा. पन यादी पुरी होऊन नाई राह्यली होती.”

दुसऱ्या दिवशी भर सभेत मी ती बाजू सांगितली. दातओठ खात सांगितली, पण काही गाळले नाही. बाईंनी डोमाजींना विचारले, “बराबर सांगते का हा?” डोमाजी उठले, “बराबर आहे” म्हणाले, आणि खाली बसायच्या ऐवजी तसेच उभे राहिले. “ठराव खोटा आहे. मी केला,” असे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. माझी तक्रार ऐकायची वेळच आली नाही. सभेने ठराव एकमुखाने फेटाळला, डोमाजींचा जबाब चंद्रपूरला गेला आणि जंगल वाचले. मी आरडाओरडा केला असता, तर ते शेवटपर्यंत नाही म्हणाले असते, हे मला कळते. कळते म्हणूनच जास्त संताप येतो.

सभा संपल्यावर बाई डोमाजींच्या घरी जाऊन भात जेवल्या आणि परत येऊन त्यांच्याविरुद्धची पोलिसांतली तक्रार स्वतःच्या हाताने लिहिली. त्यात त्यांनी एक शब्द सौम्य केला नाही. डोमाजींचे पद गेले. ऐन रोवणीत त्यांना चकरा माराव्या लागल्या, तेव्हा बाईंनी गावातल्या बायका गोळा करून त्यांचे धान रोवून दिले. पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंड्या वाहायला कोणाला लावले असेल? मला. चिखलात उभा राहून मी ओरडलो, “बाई, एकदा ठरवा तरी! तो मानूस चांगला आहे का वाईट?”

“त्याचा हात थरथरला होता, तवा त्याले समजलं होतं,” बाई वाकल्या वाकल्याच म्हणाल्या. “समजूनही लिवलं, ते वाईट. त्याची सजा त्यानं भोगली पायजे. पन त्याचं धान काऊन वाळावं? आन् ज्याचा हातच थरथरत नाई, तो खुर्चीवर बसला तं मले खरी भीती वाटते. तुह्या भाषनात तुहा थरथरत नव्हता, म्हनून तुले स्टुलावरून उतरवलं.”

राजकारणातल्या बऱ्यावाईटाची याहून सोपी व्याख्या मला कुठल्या शिबिरात मिळाली नाही. याहून त्रासदायकही मिळाली नाही. समोरच्याला राक्षस म्हटले की काम किती हलके होते! आजकाल सगळे तेच करतात, मोबाइलवर दिवसभर करतात आणि निवडूनही येतात. आम्ही मात्र घरोघर जाऊन विरोधकांची दुखणी ऐकत बसतो.

आता गावचा सरपंच मी आहे. लोक समजतात, बाईंच्या सहवासाने मी निवळलो. तसे काही झालेले नाही. डोमाजींना मी माफ केलेले नाही आणि तसे करायला बाईंनी मला एकदाही सांगितलेले नाही. आजही कोणी आडवा आला की पहिल्यांदा मला त्याला गाडावेसेच वाटते. मग वाटते, बाई विचारतील, आणि चडफडत मी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

म्हणून बाई, शंभरी गाठा, असे मी नुसते रीत म्हणून म्हणत नाही. गुडघ्यांना तेल लावा, डॉक्टरांचे ऐका, उन्हात फिरू नका. विचारायला तुम्ही आहात, तोवर मी त्या दारापर्यंत जातो. तुम्ही नसलात तर जाईन की नाही, हे मला अजून माहीत नाही.